पोचलेल्यांचा आवाज

१

डोंगरावरच्या त्या वन उद्यानात पाहुण्यांना करण्यासारखं पुष्कळ होतं. झाडाझाडांमधून बांधलेल्या दोरांच्या वाटा होत्या, तंबू होते, पक्षी बघायला आडोसे होते. पण जो तो आला की आधी तारेची चौकशी करायचा. पाटीवर तिचं नाव झिपलाइन होतं, कामावरची माणसं नुसतं तार म्हणत. दरीच्या या काठाला एक उंच लाकडी मचाण, पलीकडच्या काठाला बरंच खाली दुसरं मचाण, आणि मधली सगळी दरी ओलांडून जाणारी पोलादी तार.

वरच्या मचाणावर थोरली असायची. दोघी बहिणींतली ती थोरली, म्हणून आपणही तिला तेच म्हणू. माणसाला पट्टे बांधायचे, कप्पी तारेवर चढवायची, हूक दोनदा ओढून बघायचा आणि द्यायचं सोडून, हे तिचं काम. खालच्या मचाणावर तिचा दीर असायचा. येईल त्याला धरायचं, पट्टे सोडायचे आणि वॉकीटॉकीवर 'पोचले' म्हणून कळवायचं, हे त्याचं. मोबाईलला तिथे रेंज नव्हती, त्यामुळे दोन काठांमधलं सगळं बोलणं त्या दोन डबड्यांवर चाले.

दीर मुलखाचा बोलका. नुसतं 'पोचले' त्याने कधी म्हटलं असेल तर शपथ. 'वहिनी, माल पोचला, जरा हिरवा पडलाय.' 'वहिनी, साहेब आले, साहेबांचा जीव मागून येतोय.' वरचे पाहुणे हसत आणि हसता हसता त्यांची भीती थोडी कमी होई.

तरीही एखादा अगदीच गळपटायचा. तारेपर्यंत यायचा आणि पाय रोवून उभा राहायचा. त्याच्यासाठी थोरलीची एक युक्ती होती. ती दिराला सांगायची, आत्ता पोचलेल्याला बोलायला द्या. मग खालून एखाद्या काकूंचा नाहीतर पोरसवदा मुलीचा आवाज यायचा, की अहो काही होत नाही, मजा येते, या. बोलणाऱ्याची बोरंही विकतात म्हणतात. थोरलीने हजारदा समजावून जे व्हायचं नाही, ते पोचलेल्या माणसाच्या एका वाक्याने व्हायचं. ही युक्ती तिचीच होती आणि तिला तिचा अभिमान होता.

२

त्या दिवशी सकाळपासून धुकं होतं. खालचं मचाण तर सोडाच, तार सुद्धा चार झाडांपलीकडे दिसत नव्हती. धुक्यात तार बंद ठेवा असं कोणी सांगितलेलं नव्हतं. वॉकीटॉकीवर खालचा माणूस बोलतोय ना, मग चालवा, अशी रीत होती. आणि दीर बोलत होता. सकाळी सकाळीच त्याने विचारलं होतं, की वहिनी, ढगात पाठवलेला माणूस माझ्याकडेच येईल ना, की परस्पर वर?

पाहुणे फारसे नव्हते. एक काका, त्यांची बायको म्हणजे काकू, आणि तिसरी धाकटी, थोरलीची सख्खी बहीण.

धाकटी आठ दिवसांसाठी राहायला आली होती. खरं तर थोरलीने तिला ओढूनच आणलं होतं. गेल्या वर्षी गाडीच्या अपघातातून ती वाचली, हाडं जुळली, पण माणूस जुळलं नाही. जिना उतरताना कठडा सोडायची नाही. रस्ता ओलांडायची वेळ आली की घरी परत यायची. आई गेल्यावर थोरलीनेच तिला वाढवलेली, त्यामुळे तिला असं मिटून गेलेलं बघताना थोरलीचा जीव तीळ तीळ तुटायचा. चार दिवस धाकटी मचाणाच्या शिडीखाली, तिकीटवाल्याच्या खोपटात बसून नुसती बघत होती. पाचव्या दिवशी, म्हणजे त्या सकाळी, ती आपण होऊन शिडी चढून वर आली.

"मला पण पाठव," ती म्हणाली. "पण तूच बांध."

थोरलीला इतका आनंद झाला की धुक्याचा तिला विसर पडला.

३

आधी काका गेले. थोरलीने त्यांना सोडलं आणि सवयीने तळहात खांबावर टेकवला. तार ज्या पोलादी खांबाला बांधली होती, त्याच्या अंगात माणूस जात असेपर्यंत एक गुणगुण असायची. माणूस पोचला की ती थांबायची. दिसो न दिसो, हाताला सगळं कळायचं.

हाताखाली गुणगुण चालू होती, तेवढ्यात वॉकीटॉकी बोलली.

"पोचले. पुढचा पाठवा."

आवाज दिराचा. पण काका अजून तारेवर होते, खांब सांगत होता. गुणगुण त्यानंतर सावकाश थांबली.

थोरलीने कपाळाला आठी घातली. भाऊजींना आज घाई कसली, असं ती मनात म्हणाली. काका दिसले असतील धुक्यातून येताना, म्हणून आधीच कळवलं असेल. पण विनोद कसा केला नाही? काकांचं पोट बघून विनोद सोडणारा माणूस तो नव्हता. तिने बटण दाबून विचारलं, "भाऊजी, बरं वाटतंय ना?"

"पोचले. पुढचा पाठवा."

सर्दी झाली असेल, कंटाळा आला असेल. माणसाला रोज रोज विनोद सुचत नाहीत, असं तिने स्वतःला समजावलं.

काकू तारेजवळ आल्या आणि थबकल्या. तेव्हा थोरलीने नेहमीसारखं सांगितलं, की काकांना बोलायला द्या. थोडी खरखर झाली आणि काकांचा आवाज आला.

"मस्त आहे. घाबरू नका. पाठवा."

काकू खळखळून हसल्या. "अगंबाई, मला अहो-जाहो? एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. तार चांगलीच लागलेली दिसतेय यांना." आणि त्या हसतच धुक्यात गेल्या.

या वेळी 'पोचले' आलं तेव्हा गुणगुण नुकती कुठे सुरू झाली होती.

४

थोरलीने हात खांबावरून काढला आणि पुन्हा टेकवला. तिला वाटलं, हाताचीच काहीतरी चूक असेल. थंडीने बोटं बधिर झाली होती. ओल्या हवेत तार जास्त वेळ वाजत असेल. कारणं तशी पुष्कळ होती आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं. पण एकापाठोपाठ एक इतकी कारणं शोधावी लागतायत, याचीच तिला भीती वाटू लागली.

धाकटी पट्टे बांधून तयार होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. "काकूंशी बोलू दे ना," ती म्हणाली. "त्या पण घाबरल्या होत्या माझ्यासारख्या."

थोरलीने बटण दाबलं.

"मस्त आहे. घाबरू नका. पाठवा."

आवाज काकूंचा होता, त्यांच्या नाकातल्या किंचित सुरासकट. शब्द काकांचे होते. 'आहे' आणि 'घाबरू'च्या मधे मागे कुठेतरी एक पक्षी ओरडला. काका बोलले तेव्हाही तो तिथेच ओरडला होता, त्याच जागी, तितकाच.

"थांब जरा," थोरली म्हणाली.

"का?"

एक पक्षी दोनदा ओरडला म्हणून, असं सांगायचं? वर्षभर घराच्या उंबऱ्याला घाबरणारी बहीण आज कड्याच्या टोकाशी येऊन उभी होती. आत्ता थांबवलं, तिला कारण म्हणून भीतीच दिली, तर ही पोर पुन्हा कधी काही करायची नाही. ती घाबरलेली होती, तरीही तिचे पाय मागे गेलेले नव्हते.

"सोड ना ताई," धाकटी डोळे मिटून म्हणाली. "आज नाही तर कधीच नाही."

थोरलीने हूक दोनदा ओढून पाहिला. मग तिसऱ्यांदाही पाहिला. आणि आपल्या हातांनी तिला सोडलं.

५

गुणगुण सुरू झाली आणि ती थांबेचना. थोरलीने दोन्ही तळहात खांबावर दाबून धरले. काका-काकूंपेक्षा कितीतरी जास्त वेळ तार वाजत राहिली. धाकटी अंगाने एवढीशी, हलकी माणसं सावकाश जातात, हे तिला माहीत होतं. पण इतकं सावकाश कोणीच गेलेलं नव्हतं.

वॉकीटॉकीवर 'पोचले' आलं. ते कधी आलं याकडे तिने मुद्दाम लक्ष दिलं नाही. अखेर गुणगुण थांबली.

"भाऊजी, तिला बोलायला द्या."

तिने पुन्हा बटण दाबलं.

"भाऊजी, माझ्या बहिणीला द्या आधी."

खरखर झाली. मग धाकटीचा आवाज आला. स्वच्छ, मोकळा, जराही न थरथरणारा.

"मस्त आहे. घाबरू नका. पाठवा."

थोरलीने तिला नावाने हाक मारली, घरातल्या लाडक्या नावाने. अगं मी बोलतेय, ताई, तू रडत नाहीस ना, असं विचारलं. पुन्हा तेच शब्द आले आणि मधे तोच पक्षी. अपघातानंतर धाकटी एकही वाक्य इतक्या मोकळेपणी बोललेली नव्हती. आणि हा आवाज तर अपघाताच्या आधी सुद्धा तिला कधी फुटला नव्हता.

शिडीवरून वाकून तिने तिकीटवाल्याला सांगितलं, की कोणालाही वर सोडू नका. काय झालं, असं त्याने विचारलं. काही नाही, धुकं वाढलंय, असं ती म्हणाली. हातातली वॉकीटॉकी तिने अंगापासून लांब धरली होती.

६

खालच्या मचाणापासून वर यायला एक पायवाट होती, दरीत पार तळाला उतरून पुन्हा चढणारी, माणसाच्या नाकी नऊ आणणारी. त्या वाटेने कोणीतरी येत होतं. आधी सुटलेल्या दगडांचा आवाज आला, मग धापा. मग धुक्यातून दीर बाहेर आला.

तो शिडी चढून वर आला आणि खांबाला धरून उभा राहिला. त्याच्या कपड्यांना चिखल होता, एका पायात बूट नव्हता. त्याने थोरलीकडे पाहून तोंड उघडलं. ओठ हलले, जीभ हलली, मानेच्या शिरा ताठ झाल्या. पण आवाज आला नाही. श्वास सुद्धा वाजला नाही.

"पोचले," थोरलीच्या हातातली वॉकीटॉकी त्याच्या आवाजात म्हणाली. "पुढचा पाठवा."

दिराने दोन्ही कान झाकून घेतले.

थोरलीची पाचावर धारण बसली, तरी डोकं चालत होतं आणि नको तिथेच जात होतं. ही वाट चढून यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यापूर्वी भाऊजी खालून निघाले असणार. तेव्हा काकांनी अजून डोक्यावर हेल्मेट सुद्धा घातलं नव्हतं. मग काकांना धरलं कोणी? काकूंना? तिने आपल्या हातांनी बांधून, तपासून, जपून पाठवलेल्या बहिणीला तिथे हात पुढे करून घेतलं कोणी?

तिने दिराचे दंड धरले. "ती तिथे आहे का? वाटेत दिसली तुम्हाला? जिवंत आहे ना ती?"

दिराने होकारार्थी मान हलवली. मग जोरजोरात नकारार्थी हलवली. मग पुन्हा होकारार्थी. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याने तारेकडे बोट दाखवलं आणि थोरलीपुढे आडवा होऊन उभा राहिला.

त्याच वेळी वॉकीटॉकीवर धाकटी रडू लागली. आता आवाज मोकळा नव्हता. तो अडखळत होता, हुंदके देत होता, सगळा तिचाच होता.

"ताई, मला एकटीला भीती वाटते. ये ना."

पक्षी या वेळी ओरडला नाही.

हा आवाज खोटा असेल, हे थोरलीला कळत होतं. इतक्या वेळात तिची एवढी खात्री झालेली होती. पण खोटा असला तरी तो कुठूनतरी घेतलेला होता आणि जिच्याकडून घेतला ती तिथे होती. पायवाटेने जायचं तर वेळ फार जाणार. तार मिनिटाचं काम. आई असती तर ती सुद्धा अशीच गेली असती.

गडबड ऐकून तिकीटवाला वर आला होता. थोरलीने वॉकीटॉकी त्याच्या हातात दिली. दिराला सांभाळा, म्हणाली. वरच्या कचेरीत माणूस पाठवा, डॉक्टर बोलवा. आणि मग तिने पट्टे बांधता बांधता त्याला बजावलं:

"मी खालून स्वतः बोलेपर्यंत कोणालाही सोडायचं नाही. माझा आवाज ऐकल्याशिवाय नाही."

"नाही सोडत बाई," तिकीटवाला म्हणाला. तो घाबरला होता, पण शब्दाचा पक्का माणूस होता.

दिराने तिचे पाय धरले. तिने ते सोडवून घेतले आणि कड्यावरून पाऊल पुढे टाकलं.

७

धुक्यात वारा नव्हता, फक्त कप्पीची घरघर होती. थोरली सगळी वाट धाकटीला हाका मारत गेली. घरातल्या नावाने, मोठ्याने, गळा फाडून. मधेच कधीतरी तिच्या लक्षात आलं, की कप्पीची घरघर ऐकू येतेय आणि हाक ऐकू येत नाहीये. ती आणखी जोराने ओरडली. घशात ताण जाणवला, छाती रिकामी झाली. कप्पी घरघरत राहिली.

मग मचाण आलं. शेवटच्या स्प्रिंगवर तिला धक्का बसला आणि ती लोंबकळत थांबली. तिला धरायला कोणी पुढे आलं नाही.

काका-काकू कोपऱ्यात कठड्याला पाठ लावून, एकमेकांचे हात धरून बसले होते. आणि मचाणाच्या मधोमध धाकटी उभी होती. धडधाकट, आपल्या दोन पायांवर, कठडा न धरता. थोरलीला पाहताच तिचा चेहरा वेडावाकडा झाला. ती नको नको म्हणून मान हलवत होती, तोंड उघडून काहीतरी सांगत होती, आणि त्या उघड्या तोंडातून काहीच येत नव्हतं.

थोरलीने पट्टे सोडले आणि तिला कवटाळलं. बहिणीचं अंग गरम होतं, काळीज धडधडत होतं. जिवंत होती. त्या एका क्षणाला थोरलीला दुसरं काही नको होतं. आता हिला घेऊन पायवाट धरायची, काका-काकूंना उठवायचं, मग पुढचं पुढे.

धाकटीने तिच्या खांद्यावरून बोट दाखवलं.

मचाणामागे झाडं होती. दोन खोडांच्या मधे एका जागी धुकं आत ओढलं जात होतं, थांबत होतं, आणि पुन्हा बाहेर येत होतं. सावकाश. त्या जागेची उंची माणसाहून बरीच जास्त होती. थोरलीने फार वेळ तिकडे पाहिलं नाही.

कठड्याच्या खिळ्याला दिराची वॉकीटॉकी टांगलेली होती. तिचा लाल दिवा लागलेला होता. बोलायचं बटण आत दाबलं गेलेलं होतं, आणि ते दाबणारं कोणी तिथे नव्हतं.

"पोचले," वॉकीटॉकी म्हणाली. थोरलीच्या आवाजात, थोड्या दमलेल्या, थोड्या हसऱ्या. "सगळे सुखरूप आहेत. उगाच घाबरलो आपण."

थोरली धावली. तिने ती खिळ्यावरून ओढून काढली. ती ओली आणि कोमट होती. बटण नखांनी उचकटून पाहिलं, हललं नाही. मागचं झाकण उघडून बॅटरी काढून दरीत फेकली. लाल दिवा तसाच राहिला. तिने डबडं तोंडाशी धरून सगळा जीव एकवटून नको म्हटलं, पुन्हा पुन्हा म्हटलं, आणि तिला स्वतःलाच ते ऐकू आलं नाही.

"हुश्श," पलीकडून तिकीटवाला म्हणाला. त्याच्या आवाजातला भार उतरल्याचं कळत होतं. "जिवात जीव आला बाई. इथे तुमच्या दिराचं काही खरं नाही. सारखे तारेकडे धावतायत, आम्ही दोघातिघांनी धरून ठेवलंय. आणि एक कुटुंब येऊन थांबलंय कधीचं. सोडू का त्यांना?"

"सोडा."

"पहिली छोटीच आहे. हौसेने पुढे आली आणि आता रडवेली झालीये. दोन शब्द बोलता का तिच्याशी?"

धाकटीने थोरलीचा हात घट्ट पकडला. दोघी त्या लाल दिव्याकडे बघत राहिल्या. झाडांमधलं धुकं एकदा खोल आत गेलं.

"ये गं माझी राणी," थोरलीचा आवाज म्हणाला. आई गेल्यानंतरच्या रात्री धाकटीला कुशीत घेऊन ती जसं बोलायची, अगदी तसं. "काही होत नाही. मी आहे ना खाली. मी धरते तुला."

वरून एका लहान मुलीचा आवाज आला.

"बरं."